मेकॅनिकल इंजिनीअरिंगनंतर हृदय व रक्ताभिसरणाच्या संगणकीय मॉडेलिंगमध्ये संशोधनाच्या कोणत्या संधी आहेत? थ्री-डी सिम्युलेशन आधी शिकावे का?

संधी पुष्कळ आहेत. परंतु थ्री-डीपासून सुरुवात मुळीच करू नका, आणि हे सांगण्यासाठीच मी हे उत्तर लिहीत आहे.

पीएचडीसाठी माझा विषय महाधमनीतील रक्तप्रवाह हा होता. प्रयोगशाळेत आधीपासून चालत आलेल्या मॉडेलमध्ये प्रत्येक शाखेच्या तोंडाशी दाब शून्य धरलेला होता. असे केले की कोणत्या शाखेत किती रक्त जाईल हे केवळ स्कॅनमध्ये दिसणाऱ्या मोठ्या वाहिन्यांच्या आकारावर ठरते. प्रत्यक्षात बहुतेक रोध त्यांच्या पुढच्या, स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या सूक्ष्म धमनिकांमध्ये असतो. म्हणून प्रत्येक तोंडाला तीन घटकांचे, म्हणजे दोन रोध आणि एक धारिता (धमन्यांची ताणून रक्त साठवण्याची क्षमता) असलेले विंडकेसल, म्हणजे पुढच्या वाहिन्यांचे विद्युत-सर्किटसारखे साधे मॉडेल, जोडावे, असा माझा आग्रह होता. मूळ कल्पना ओटो फ्रांक यांची, 1899 सालची. माझ्या गाईडचे म्हणणे असे, की हे बारावीचे सर्किट आहे, यावर शोधनिबंध होत नाही, त्यापेक्षा मेश (गणितासाठी वाहिनीचे पाडलेले छोट्या तुकड्यांचे जाळे) बारीक करा. बाउंडरी कंडिशन, म्हणजे मॉडेलच्या तोंडाशी धरलेली अट, चुकीची असेल तर मेश कितीही बारीक केली तरी चुकीचेच उत्तर अधिक अचूकपणे मिळते, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

विंडकेसल जोडून घटक जुळवल्यावर दाबाचा आलेख 120 आणि 80 यांच्या दरम्यान, झडप मिटतानाच्या त्या छोट्या खाचेसह उमटला. सेमिनारला आलेल्या हृदयरोगतज्ज्ञ बाई रंगीत चित्रे सोडून त्या आलेखापाशी थांबल्या आणि त्यांनी विचारले, "धमनी कडक झाली तर?" मी नुसते विंडकेसल लॅपटॉपवर चालवून धारिता कमी केली, तिथल्या तिथे वरचा दाब चढला आणि खालचा उतरला. थ्री-डीला त्याच उत्तरासाठी रात्रभर अनेक संगणकांचा क्लस्टर लागला असता.

सीटी स्कॅनवरून करोनरीतील (हृदयस्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांतील) एफएफआर, म्हणजे अडथळ्यामुळे दाब किती घटतो याचे गुणोत्तर, काढणाऱ्या हार्टफ्लो कंपनीच्या पद्धतीला अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने 2014 मध्ये परवानगी दिली. तिथेही पुढच्या सूक्ष्म वाहिन्यांचा रोध हृदयस्नायूच्या वस्तुमानावरून ठरवावाच लागतो.

ऑकलंड बायोइंजिनीअरिंग इन्स्टिट्यूट, लंडनचे किंग्ज कॉलेज, जॉन्स हॉपकिन्स, स्टॅनफर्ड आणि ऑस्लोची सिमुला ही या विषयातील ठळक ठिकाणे आहेत. भारतात बेंगळुरूच्या आयआयएससीत आणि चेन्नईच्या आयएमएससीत (गणितीय विज्ञान संस्थेत) हृदयातील विद्युत-लहरींवर चांगले काम झाले आहे, मात्र ते भौतिकशास्त्राच्या अंगाने. सिमव्हॅस्क्युलर हे रक्तप्रवाहाच्या सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. प्रवेश घेण्यापूर्वी गाईडना एवढेच विचारा, की बाउंडरी कंडिशन कोणत्या मोजमापावरून घेता. उत्तर टाळले गेले तर दुसरी प्रयोगशाळा पाहा.

विद्युत-मॉडेलिंग माझे क्षेत्र नाही, त्यामुळे त्याबद्दल माझा शब्द अंतिम मानू नये. शिवाय एकच कार्यक्षम जवनिका (हृदयाचा खालचा कप्पा) असलेल्या बालकांच्या फॉन्टान शस्त्रक्रियेत, म्हणजे शरीराकडून येणाऱ्या शिरा थेट फुप्फुसांच्या धमन्यांना जोडण्याच्या शस्त्रक्रियेत, थ्री-डीला पर्याय नाही, कारण यकृताकडून आलेले रक्त दोन्ही फुप्फुसांत कसे विभागते हे शिरांच्या जोडाच्या आकारावर बरेच अवलंबून असते. अर्थात फुप्फुसांचा रोध तिथेही तोंडाशी जोडावाच लागतो.