संशयावरचा सिनेमा नवरा-बायकोने एकत्र बघावा का?

तुम्ही विचारलंय की लग्नाला दोन वर्षं झालीत, हल्ली बारीकसारीक गोष्टींवरून संशय येतो, आणि कुणीतरी ‘द ऑफुल ट्रुथ’ हा १९३७चा इंग्रजी सिनेमा दोघांनी बघा म्हणून सुचवलाय. तो बघून भांडण आणखी वाढणार नाही ना?

बघा. आम्ही भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मे महिन्याच्या एका दुपारी कूलर लावून बघितला. दीड तासाचा आहे, कृष्णधवल.

गोष्ट अशी. जेरी (कॅरी ग्रँट) बायकोला फ्लोरिडाला जातो असं सांगून भलतीकडेच राहिलेला असतो. खोटं पचावं म्हणून क्लबात दिव्याखाली बसून अंग रापवून घेतो आणि येताना संत्र्यांची टोपली आणतो. इकडे बायको ल्युसी (आयरिन डन) गाण्याच्या मास्तरासोबत रात्रभर बाहेर राहून सकाळी परतते आणि गाडी बंद पडली होती म्हणते. तो तिच्यावर संशय घेतो, आणि तेवढ्यात तिच्या हाती एक संत्रं लागतं. त्यावर शिक्का असतो कॅलिफोर्नियाचा!

प्रकरण कोर्टात जातं. घटस्फोट पक्का व्हायला नव्वद दिवस असतात आणि सगळी गंमत त्या नव्वद दिवसांतली आहे. कुत्रा कुणाकडे राहणार याचाही निवाडा होतो, तो कसा ते सांगत नाही.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे की ती रात्र ल्युसीने खरंच कशी घालवली आणि जेरी नेमका कुठे होता, हे सिनेमा शेवटपर्यंत उलगडून सांगत नाही. आपल्या ‘संशयकल्लोळ’मध्ये तसबिरीचा घोटाळा प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असतो, फाल्गुनराव उगाच जळतोय हे आपल्याला दिसत असतं. इथे आपल्यालाही काही ठाऊक नसतं. पुरावा कुणीच देत नाही, तरी दोघं पुन्हा एकमेकांकडे ओढली जातात. दिग्दर्शक लिओ मॅककॅरी यांना याच सिनेमासाठी ऑस्कर मिळालं, आणि माझ्या मते ते या धाडसासाठीच मिळायला हवं होतं.

हे मला इतकं का लागलं ते सांगते. आमचे हे लोको पायलट आहेत. ड्यूटीला ना दिवस ना रात्र, कधी इगतपुरी तर कधी खंडवा, झोप रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या माणसांच्या विश्रांतीगृहात. एकदा खंडव्याहून आलो म्हणाले आणि डब्याच्या पिशवीत नाशिकच्या औषध दुकानाची पावती निघाली. माझं ते संत्रं! चार दिवस मी अबोला धरला, नको ते बोलले. सासूबाई अमळनेरच्या, त्या म्हणाल्या, “मन्हा पोऱ्या खोटं बोलस तवय त्याना कान लाल व्हतस.” मी बघितलं, कान लालच होते. शेवटी कळलं ते असं: नजर अंधुक वाटत होती, म्हणून सुट्टी टाकून गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. मेडिकलमध्ये नापास झाले तर इंजिनावरून उतरवतील ही भीती. मला उत्तर मिळालं खरं, पण त्या चार दिवसांत बोललेलं परत घेता आलं नाही. डोळ्यांचं आधी मला सांगितलं असतं तर, असं आजही वाटतं, आणि ते मी त्यांना सांगितलंही.

म्हणून सिनेमातला शेवटचा प्रसंग आला, रात्रीचे बारा वाजायला आलेत, दोन खोल्यांमधलं दार वाऱ्याने पुन्हा पुन्हा उघडतंय आणि दोघांनाही ते बंद करवत नाहीये, तेव्हा आम्ही दोघंही गप्प होतो.

बघताना सबटायटल लावा, माणसं फार भरभर बोलतात. पहिली दहा मिनिटं भाकरी करत ऐकू नका, सगळं तिथेच पेरलंय. आणि जेरीचं नवं लग्न जिथे ठरत असतं त्या श्रीमंत घरात ल्युसी त्याची बहीण बनून शिरते तो प्रसंग आला की मध्येच चहा करायला उठू नका. आमच्या ह्यांनी तो मागे घेऊन तीनदा बघितला.