ऐन निवडीच्या तोंडावर दादा गप्प झाला

‘आठ महिने जीव तोडून तयारी केली आणि आता म्हणतो, मला जायचंच नाही. समजूत काढू, की रागावू, की सोडून देऊ?’

नाच, बुद्धिबळ, पोहणं, गाणं, विषय कुठलाही असो, हा प्रश्न आईबाबा समुपदेशक म्हणून मला सतत विचारतात. उत्तर म्हणून एका मुलाची हकिगत सांगते. ती छापायला त्याने आणि त्याच्या आईबाबांनी परवानगी दिली आहे. देश मात्र सांगणार नाही. युरोपातल्या मराठी कुटुंबांशी मी व्हिडिओ कॉलवरून बोलते आणि तिथली मराठी वस्ती इतकी विरळ आहे की देश सांगितला की घर कळलंच. धाकट्या बहिणीमुळे घरात त्याला सगळे दादा म्हणतात, मीही तेच म्हणते.

दादा चौदा वर्षांचा. ज्युनिअर युरोव्हिजन या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी देशातून एक गायक निवडतात, त्या निवडीच्या शेवटच्या फेरीत तो पोचला होता. युरोव्हिजन म्हणजे युरोपातल्या देशांमधली मोठ्यांची गाण्याची स्पर्धा, ही तिची धाकटी बहीण म्हणा. २००३ साली कोपनहेगनमध्ये ती पहिल्यांदा झाली. आपला गायक कसा निवडायचा, ते प्रत्येक देशाची दूरचित्रवाणी संस्था ठरवते. कुठे चार माणसं एका खोलीत बसून नाव काढतात, कुठे ध्वनिचाचण्या, फेऱ्या, परीक्षक आणि प्रेक्षकांची मतं असा मोठा घाट असतो. दादाच्या देशात घाट होता. गाणं जास्तीत जास्त तीन मिनिटांचं आणि मुख्यतः देशाच्या भाषेत. आणि वय ९ ते १४.

त्या १४ वर सगळं अडलं होतं. पुढच्या वर्षी दादा पंधराचा होणार, म्हणजे दार बंद. बाबांना स्पर्धेचा इतिहास तोंडपाठ होता. “२००९ मध्ये नेदरलंड्सचा राल्फ माकेनबाख जिंकला तेव्हा चौदाचा होता. २०१४ मध्ये इटलीचा व्हिन्चेंझो कांतिएल्लो, तोही चौदाचा. हेच वय आहे, ताई. आणि आमचा हा ऐन वेळी कच खातोय.”

कच खाणं म्हणजे काय, तर रियाजाला बसायचं टाळणं. जेवताना मान खाली घालून ‘हं’ आणि ‘नको’ यापुढे न बोलणं. वाहिनीच्या तालमीच्या दिवशी पोट दुखणं. आणि एका रात्री जिन्यात उभं राहून, “मला नाही जायचं, तुम्ही कळवून टाका.” शेवटची फेरी पाच आठवड्यांवर होती.

पहिल्या भेटीत बाबा एक वाक्य बोलले, ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. “इथे राहून सतरा वर्षं झाली. आमचं आडनाव अजून कुणाला धड उच्चारता येत नाही. हा निवडला गेला तर अख्खा देश उच्चारेल.” त्यांच्या आवाजात फुशारकी नव्हती, फार जुना थकवा होता. मला त्यांचं मन कळलं. पण त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या दादाने ते वाक्य किती वेळा ऐकलं असेल, याचाही हिशेब मी मनात मांडत होते.

आता माझी चूक. मी याला सरळसरळ मंचाची भीती समजले. लक्षणं तशीच होती, वेळही तशीच. दोन भेटी मी त्याला श्वासाच्या युक्त्या शिकवल्या, भीती अंगात कुठे जाणवते ते विचारलं, हरलो तर सगळ्यात वाईट काय होईल ते कागदावर लिहायला सांगितलं. त्याने शहाण्या मुलासारखं सगळं केलं. कागदावर लिहिलं, ‘काही नाही.’ मला वाटलं, टाळतोय. खरं तर तो नेमकं उत्तर देत होता. हरण्याची त्याला भीती नव्हतीच. तो पुटपुटल्यासारखं बोलायचा आणि वाक्य मध्येच गिळून घसा खाकरायचा, हे मला दिसत होतं. ते मी लाजेच्या खात्यात टाकलं. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही समोरच्या मुलाकडे बघण्याआधी मी त्याच्या नावापुढे लिहून आलेल्या तक्रारीकडे बघत होते.

तिसऱ्या भेटीत आई त्याला कॅमेरा लावून देत असताना तिचा फोन वाजला. रिंगटोन म्हणून एका लहान मुलाचा आवाज होता. उंच, स्वच्छ, पाण्यासारखा, वरच्या षड्जावर जाऊन अलगद थांबणारा. दादाने झडप घालून फोन बंद केला. इतक्या जोरात, की तो टेबलावरून खाली पडला.

“कोण गातंय?” मी विचारलं.

“हाच,” आई कौतुकाने म्हणाली. “दहा वर्षांचा होता तेव्हाचं आहे.”

मी आईला विनंती केली, आम्हाला दोघांनाच बोलू द्याल का? ती गेली. दादा बराच वेळ कॅमेऱ्याकडे न बघता बसला. मग मी म्हटलं, “दादा, तुझा आवाज बदलायला लागलाय का रे?”

तो रडला. रडतानाचा आवाज दोन मजली होता, वरून खाली घसरणारा, आणि तो लपवायला आता त्याच्यात त्राण नव्हतं.

सात आठवडे तो हे एकट्याने ओढत होता. आधी वरचा सूर लागेना, मग लागला तरी फाटायला लागला. न्हाणीघरात नळ सोडून तो रोज सकाळी तपासून बघायचा, आज आहे का गेला. तालमीला जायचं नव्हतं, कारण तिथे सगळ्यांना कळलं असतं. घरी बोलायचं नव्हतं, कारण आईला कळलं असतं. आईच का, असं विचारल्यावर त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत देते. “आई दमून आली की म्हणते, जरा गा ना. मग मी गातो आणि ती बरी होते. आता मी काय करू?”

मुलाला न सांगता कळलेली ही नोकरी होती. घरच्यांना बरं करण्याची, आडनाव देशाला उच्चारायला लावण्याची. आणि ज्या हत्यारावर ती चालायची तेच हातातून निसटत होतं.

इथे शरीराचं थोडं सांगायला हवं, कारण हे त्याला कुणीच नीट सांगितलेलं नव्हतं. वयात येताना मुलग्यांचं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि बोलण्याचा आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. मुलींचाही आवाज उतरतो, पण दोन-तीन स्वरांतरांइतकाच, म्हणून त्याची कुणी दखल घेत नाही. बहुतेक मुलग्यांमध्ये हे बारा ते चौदाच्या आसपास घडतं, स्थिरावायला काही महिने जातात, कधी वर्षाहून जास्त. स्पर्धेची वयोमर्यादा बरोबर याच वळणावर येऊन संपते. शेवटची संधी आणि आवाजाचा उंबरठा एकाच वर्षी येतात, आणि लहान चणीच्या मुलांच्या बाबतीत तर ऐन शेवटी. यात कुणाचा दोष नाही. पण गाणाऱ्या मुलग्याच्या घरात हे आधीच, दहाव्या-अकराव्या वर्षीच, गप्पा मारता मारता सांगून ठेवलेलं असावं असं मला आता फार तळमळून वाटतं. मुलीला पाळीबद्दल आधी सांगावं हे आपण शिकलो. हे अजून शिकलो नाही.

आईबाबांना कसं सांगायचं, हा पुढचा प्रश्न. मी सांगू का, असं विचारल्यावर तो नको म्हणाला. तू सांगशील? नको. मग तोच म्हणाला, “आजीला सांगू?” त्याने आजीला फोन लावला, मला पलीकडे बसवून. चार वाक्यं बोलला असेल. तिने मध्येच तोडलं. “अरे, मला गेल्या महिन्यातच कळलंय. कंठ फुटतोय तुझा! पेढे वाटायचे सोडून रडतोस काय?” मी इतका वेळ ‘बदल’, ‘टप्पा’ असले शब्द वापरत होते. आपल्या भाषेत त्यासाठी किती नेमका शब्द आहे. कोंब फुटतो तसा कंठ फुटतो. दादाला तो शब्दच माहीत नव्हता. आईला त्याने संध्याकाळी त्याच शब्दात सांगितलं.

बाबांची पहिली प्रतिक्रिया म्हणजे औषध. शेवटच्या फेरीपर्यंत थोपवता येईल असं काही नाही का? घशाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा आजार नाही आणि वरच्या सुरांसाठी जोर लावला तर इजा होईल. त्यानंतर मी तिघांना एकत्र बसवलं. निर्णय दादाचा, हे मी बाबांकडून मोठ्याने वदवून घेतलं. अशा वेळी ‘तुला हवं ते कर’ असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही, कारण मूल चेहरा वाचतं. म्हणून बाबांना दोन्ही वाक्यं म्हणायला लावली. “तू माघार घेतलीस तर मला वाईट वाटेल. आणि ते वाईट वाटणं सांभाळणं माझं काम आहे, तुझं नाही.” दुसरं वाक्य त्यांना तीनदा प्रयत्न करून म्हणता आलं.

दादाने दोन दिवस घेतले. मग तालमीला जाऊन त्याने गायन-शिक्षिकेला खरं सांगितलं. तिला जराही धक्का बसला नाही. मुलांबरोबर काम करणाऱ्या माणसांनी हे अनेकदा पाहिलेलं असतं. तिने त्याचा आवाज वरून खाली सरकवत ऐकला, कुठे तुटतो ते टिपलं, आणि गाण्याची पट्टी चार अर्धस्वरांनी उतरवली. आपल्या पेटीच्या हिशेबाने काळी पाचवरून काळी तीन. शेवटची उंच तान काढून टाकली. सात आठवड्यांच्या दहशतीवरचा उपाय वीस मिनिटांत झाला होता. गाणं आता कमी चमकदार वाटत होतं, हे दादानेच मला सांगितलं. तरी तो जायचं म्हणाला.

मुलांच्या स्पर्धांतला हा ताण काही आमचाच शोध नाही. डेन्मार्क आणि नॉर्वे २००५ नंतर ज्युनिअर युरोव्हिजनमधून बाहेर पडले, त्यात मुलांवर पडणाऱ्या दबावाची काळजी हे मोठं कारण होतं. आणि २००५ पासून २०१५ पर्यंत प्रत्येक देशाला मतमोजणीआधीच १२ गुण देऊन ठेवायचे, म्हणजे शून्यावर कुणी मूल उभं राहायला नको. मी हे बाबांना सांगितलं. त्यांना अर्थातच माहीत होतं. पण थोडं थांबून त्यांनी विचारलं, “म्हणजे आम्ही घरी आधीच बारा द्यायचे?” मी म्हटलं, हो, आणि त्याला दिसतील असे द्यायचे.

मग आम्ही निकालानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांची तयारी केली. ही तयारी मी सगळ्याच घरांकडून करून घेते, कारण मुलांना पुढे वर्षानुवर्षं निकाल आठवत नाही इतकी ती पाच मिनिटं आठवतात. काय ऐकायला आवडेल, असं दादाला विचारलं. तो म्हणाला, “छान गायलास म्हणू नका. पुढच्या वेळी म्हणू नका. जेवायला काय ते विचारा.”

शेवटच्या फेरीत दुसऱ्या कडव्यात त्याचा आवाज एकदा फाटला. तो थांबला नाही, पुढची ओळ जवळजवळ बोलल्यासारखी घेतली आणि ध्रुपदावर परत आला. निवड दुसऱ्या एका मुलीची झाली. तिचं गाणं खरोखर सुंदर होतं. आवाज फाटला नसता तर काय झालं असतं, या चर्चेत मी त्या घराला शिरू दिलं नाही. बाबांनी दाराशीच विचारलं, “जेवायला काय?” मग गाडी आणतो सांगून ते गेले आणि दहा मिनिटांनी आले. डोळे लाल होते. दादाने पाहिलं, पण सावरायला गेला नाही. भेटीत हे सांगताना तो जरा अभिमानाने म्हणाला, “ते त्यांचं काम होतं ना.”

तर समजूत काढू, रागावू की सोडून देऊ? माझं म्हणणं, आठवडाभर यातलं काहीच करू नका. मूल माघार घेतंय याचा अर्थ ते काहीतरी वाचवू पाहतंय. काय वाचवतंय ते कळल्याशिवाय दिलेला धीरही त्याला ढकलण्यासारखाच लागतो. ‘हरायची भीती वाटते का’ हा आपला आवडता प्रश्न आहे, त्याऐवजी विचारा, ‘हे थांबलं तर घरात काय बदलेल असं तुला वाटतं?’ आणि शरीराकडे बघा. मी दोन भेटी ते केलं नाही.

यानंतर माझं सगळ्यात जास्त काम झालं ते आईबरोबर. तिला तो जुना आवाज परत कधीच ऐकू येणार नव्हता, आणि मूल समोर धडधाकट असताना त्याचं दुःख करायची तिला लाज वाटत होती. आम्ही ते दुःख केलं, दोन-तीन भेटी. रिंगटोन तिने स्वतःहून बदलली. ध्वनिफीत मात्र पुसली नाही. दादा शाळेत गेला की कधीमधी ऐकते. ते त्याला माहीत आहे का, असं मी त्यालाच विचारलं.

“माहितीये,” तो म्हणाला, आता पुरत्या खालच्या आवाजात. “ऐकू दे तिला. मी घरी असताना लावू नको म्हटलंय.”