१९.९९ रुपयांचे १९९८ पैसे का होतात?

आपल्या बिलिंगच्या जावास्क्रिप्ट प्रोग्राममध्ये १९.९९ला १००ने गुणून अपूर्णांक छाटल्यावर १९९८ पैसे मिळतात. छाटण्याऐवजी राउंड केले तर पुरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पुरणार नाही.

संगणक संख्या फक्त ० आणि १ या अंकांनी मांडतो. या द्विमान पद्धतीत ज्या अपूर्णांकाचा छेद संक्षिप्त रूपात केवळ २चा घात असतो, तोच नेमका मांडता येतो. रुपयाच्या शंभर भागांपैकी हे फक्त ०, २५, ५० आणि ७५ पैशांना साधते. उरलेल्या ९६ रकमांची केवळ जवळची किंमत साठवली जाते. म्हणून आपला गुणाकार १९९८.९९९९९९९९९९९९८ येतो. राउंड केल्यास तो सुधारेल हे खरे, परंतु १.००५ला १००ने गुणल्यावर १००.५पेक्षा किंचित कमी उत्तर येते आणि राउंड करूनही १०१ऐवजी १००च हाती पडतात.

त्यामुळे वापरकर्त्याने लिहिलेली रक्कम मजकूर स्वरूपात असतानाच टिंबाशी तोडून तिचे पूर्णांक पैसे करावेत (‘१९.९’ म्हणजे १९ रुपये ९० पैसे, याची दक्षता घ्यावी) आणि टिंब पुन्हा फक्त छापताना द्यावे. जावास्क्रिप्टमध्ये सुमारे ९० लाख कोटी रुपयांपर्यंतचे पैसे असे अचूक राहतात. जावा या भाषेत बिगडेसिमल (दशांश संख्या अचूक ठेवणारा प्रकार) वापरणाऱ्यांनीही त्याला ०.१ हा आकडा न देता अवतरणातला मजकूर द्यावा, अन्यथा मूळची चूक तशीच आत येते.

पूर्णांक वापरले तरी राउंडिंग टळत नाही, आणि माझ्या मते खरा विचार इथेच करावा लागतो. १०.०५ रुपयांवर १८ टक्के जीएसटी १८०.९, म्हणजे १८१ पैसे होतो; पण त्याच रकमेवर केंद्राचा ९ टक्के आणि राज्याचा ९ टक्के कर वेगवेगळा काढला, तर प्रत्येकी ९०.४५चे ९० आणि एकूण १८० पैसे होतात. हा एका पैशाचा फरक फ्लोटिंग पॉइंटचा (वर सांगितलेल्या द्विमान साठवणुकीचा) दोष नसून कोणत्या टप्प्यावर राउंड करायचे हे न ठरवल्याचा परिणाम आहे. बिलावर दोन्ही कर स्वतंत्र छापायचे असल्यास ते स्वतंत्रच राउंड करावेत आणि बेरीज त्या छापील आकड्यांचीच घ्यावी, म्हणजे ग्राहकाने हाताने केलेली बेरीजही जुळते.

सवलत वाटतानाही हेच पाळावे: १०० रुपये तीन वस्तूंवर विभागताना ३३.३३चे तीन भाग करून उरलेला एक पैसा कोणत्या ओळीला द्यायचा, हे नियमाने ठरवावे. प्रत्येक ओळीची अंतिम रक्कम साठवून ठेवावी आणि माल परत आल्यास टक्केवारी पुन्हा न लावता तीच रक्कम परत करावी.