वाचकांचे प्रश्न : कलमावरचे चट्टे आणि चट्ट्यांवरचे ठिपके

गेल्या अंकात जांभ्याच्या गडग्यांवर वाढणाऱ्या शैवाकांविषयी, म्हणजेच ज्यांना आपण सरसकट दगडफूल म्हणतो त्यांच्याविषयी, एक छोटे टिपण दिले होते आणि आढळतील त्या शैवाकांची नोंद ठेवावी असे सुचवले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या हापूसच्या जुन्या कलमांच्या खोडांवर आणि फांद्यांवर राखाडी-पांढरे चट्टे वाढत चालले आहेत. गडीमाणसे म्हणतात की ते झाड खातात. खरवडून काढून मोरचूद-चुना लावावा, की तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची नोंद करावी?
— एक आंबा बागायतदार, देवगड

शैवाक झाड खात नाही. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडले, आणि त्या वेळच्या अनेक जाणकारांनी चिडून नाकारले, की शैवाक ही एक वनस्पती नसून बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार आहे : बुरशी घर बांधते आणि शेवाळ उन्हात अन्न तयार करते. अन्नाची सोय घरातच असल्यामुळे त्याला आंब्याच्या सालीकडून बसायला जागा एवढेच हवे असते. बांडगुळाची गोष्ट वेगळी. ते आपली मुळे फांदीच्या आत घुसवून रस ओढते आणि म्हणून ते कापलेच पाहिजे. या दोघांना एका तराजूत तोलू नये.

तरीही गडीमाणसांचे निरीक्षण अगदीच चुकीचे नाही, फक्त त्यांनी कार्यकारणाची दिशा उलटी लावली आहे. जी फांदी म्हातारी झाली आहे, जिची वाढ मंदावली आहे आणि जिच्यावरची पालवी विरळ झाल्याने खोडापर्यंत ऊन पोहोचते, तिच्यावर शैवाक जोमाने पसरते. म्हणजे शैवाक दिसल्यावर त्याला दोष देण्यापेक्षा झाडाची मुळे, खत आणि छाटणी यांकडे पाहावे.

याला एक अपवाद आहे आणि तो खोडावर नसून पानांवर आढळतो. आंब्याच्या पानांवर नारिंगी-तांबूस, मखमली ठिपके येतात, त्याला बागायतदार तांबेरा म्हणतात. पण तो बुरशीचा तांबेरा नसून सेफॅल्युरॉस नावाचे परजीवी हिरवे शेवाळ असते आणि ते खरोखर पानाला त्रास देते. गंमत अशी की स्ट्रिग्युला वंशातील बुरशा याच शेवाळाशी संसार थाटतात, आणि मग त्याच पानावर राखाडी-पांढरट, चपटे शैवाक दिसू लागते. तेव्हा पानावरच्या ठिपक्यांसाठी ताम्रयुक्त औषध वापरण्याला अर्थ आहे. खोडावरच्या चट्ट्यांसाठी तो खर्च वाया आहे.

नोंदीविषयी : किनारपट्टीवरील आंबा आणि माड यांच्या खोडांना घट्ट चिकटलेले राखाडी, कडेला पालीच्या बोटांसारखे फुटलेले चट्टे बहुधा पिक्सिन किंवा डिरिनारिया या दोन वंशांतले असतात. दोन्ही लांबून सारखीच दिसतात. चट्ट्याची कड चाकूच्या टोकाने किंचित उचलावी; खालच्या अंगाला मुळांसारखे बारीक काळे धागे असतील तर पिक्सिन, धागे मुळीच नसतील तर डिरिनारिया. पिक्सिन कोकोस ही जाती तर अंधारात आणखी सहज ओळखता येते, कारण नोटा तपासण्यासाठी मिळणाऱ्या जंबुपार किरणांच्या बॅटरीखाली ती पिवळी चमकते. त्याच सालीवर पांढऱ्या पातळ लेपात काळ्या, वाकड्यातिकड्या रेघा दिसल्या तर ते ग्राफिस किंवा त्याच्या कुळातले शैवाक समजावे. या वंशाचे नाव ग्रीक भाषेतील ‘लिहिणे’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे; मला मात्र ते पाहून दर वेळी जुन्या दप्तरातील मोडी आठवते, आणि ते वाचता येत नाही हेही तितकेच खरे.

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. सड्यावरील (उघड्या कातळपठारावरील) आणि झाडांवरील शैवाकांवर मला काळे ठिपके, कुठे गुलाबी कण, कुठे फुगीर गाठी दिसतात. हा शैवाकाचाच भाग असतो की त्याला झालेला रोग? त्याची नोंद कशी करावी?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

दोन्ही शक्यता आहेत, आणि एकीतून दुसरी वेगळी काढणे हेच या विषयातले खरे काम आहे. शैवाकांवर राहणाऱ्या, पण स्वतः शैवाक न बनवणाऱ्या बुरशांचा मोठा समुदाय आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक वर्गीकरणात शैवाकांच्या १९,००० हून अधिक जाती धरल्या आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत केवळ शैवाकांवरच जगणाऱ्या बुरशांची संख्या २,००० भरली. त्यांतल्या अनेक बुरशा एकाच वंशाच्या शैवाकावर वाढतात. काही यजमानाला मारतात, काही त्याच्या अंगावर विटके, जळल्यासारखे चट्टे पाडतात, आणि काही वर्षानुवर्षे राहूनही यजमानाचे काही बिघडवत नाहीत. आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर झाडांना दाढीसारखे लोंबणारे उस्निया मिळाले, तर त्याच्या धाग्यांवर फुगीर गाठी आहेत का ते पाहावे. बायाटोरॉप्सिस नावाची बुरशी अशा गाठी निर्माण करते, आणि त्या गाठी शैवाकाच्या बीजाणू तयार करणाऱ्या वाट्या समजून अनेकांची फसगत होते.

काळ्या ठिपक्यांबाबत घाई करू नये. पानासारख्या पसरट शैवाकांवर त्यांचे स्वतःचेही बारीक काळे ठिपके असतात. त्या सूक्ष्म कुप्या असून त्यांत त्यांचे बीजकण तयार होतात. ठिपके पाकळ्यांच्या टोकांकडे, एकसारख्या आकाराचे आणि निरोगी पृष्ठभागावर असतील तर ते बहुधा घरचेच. ठिपके एखाद्याच भागात गर्दी करून बसले असतील, भोवतीचा रंग उडाला असेल, किंवा शैवाकाच्या बीजाणू तयार करणाऱ्या वाटीतच दुसरे काही उगवले असेल, तर पाहुणा आला आहे असा संशय घ्यावा. हा केवळ संशय. ठिपक्याचा पातळ काप घेऊन त्यातील बीजाणूंचा रंग, आकार आणि आतील पडदे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय नाव लिहू नये. गुलाबी कणांच्या छायाचित्रावरून तर मी जात सांगतच नाही. तसे सांगणाऱ्यावर आपणही विश्वास ठेवू नये.

पाहुणा कोण आणि घरातला कोण ही विभागणी अलीकडे थोडी ढिली झाली आहे, हेही सांगायला हवे. टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले की काही शैवाकांच्या बाहेरील सालीतच यीस्टच्या, म्हणजे आणखी एका एकपेशीय बुरशीच्या, पेशी वस्ती करून असतात, आणि दीडशे वर्षे सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्यांच्या ते लक्षात आले नव्हते. तरीही नामकरणाचा नियम सरळ आहे : शैवाकाला दिलेले नाव हे त्यातील घर बांधणाऱ्या बुरशीचे नाव समजले जाते, शेवाळाचे नाव वेगळे, आणि वर बसलेल्या बुरशीचे आणखी वेगळे.

म्हणून आपल्या नोंदीत नेहमी दोन नावांसाठी जागा ठेवावी. पाहुण्याचे नाव लिहिले आणि यजमानाचे लिहिले नाही, तर ती नोंद निम्मी वाया गेली. त्याखाली तारीख, गाव आणि वाडी, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, गोळा करणाऱ्याचे नाव, आणि शैवाक कशावर वाढले होते ते लिहावे. ‘झाडावर’ हा शब्द पुरेसा नाही. आंबा, पोफळ, काजू की कांदळवनातली चिप्पी, उभ्या खोडावर की आडव्या फांदीवर, सावलीत की समुद्राकडच्या वाऱ्यावर, हे लिहावे. दगड असेल तर जांभा की काळा पाषाण, हेही.

जागेवरच करता येण्याजोगी तपासणी म्हणजे दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि दोन रसायने : कॉस्टिक पोटॅशचे सौम्य द्रावण आणि साधे ब्लीच. विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये ही रंगपरीक्षा रूढ केली. सूक्ष्म थेंब टाकल्यावर पिवळा, लाल किंवा काहीच नाही, यावरून आतील आम्लांचा अंदाज येतो. ज्या तुकड्यावर थेंब टाकला तो नमुन्यात ठेवू नये, आणि ही द्रावणे डोळ्यांपासून दूर ठेवावीत. तिसरे एक रसायन पुस्तकांत सांगितलेले असते, परंतु ते विषारी असल्याने विद्यार्थ्यांनी एकट्याने हाताळू नये.

नमुना कागदाच्या घडीच्या पाकिटातच ठेवावा. हे मी शिकलो ते स्वतःची फजिती करून : एका श्रावणात गोळा केलेले तीसेक नमुने मी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद केले आणि पंधरा दिवसांनी उघडले, तेव्हा सगळ्यांवर एकाच साध्या घरगुती बुरशीने पांढरी चादर ओढली होती, आणि मी ज्या दुर्मीळ बुरशीच्या शोधात होतो ती तिच्याखाली कायमची झाकली गेली. कोकणातील दमट हवेत नमुना सावलीत पूर्ण वाळेपर्यंत पाकीट बंद करू नये. शक्यतो गळून पडलेल्या फांद्यांवरून गोळा करावे. खडकावरील लेपासारखी शैवाके वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर वाढतात, तेव्हा तळहाताएवढा चट्टा छिन्नीने उचलण्यापूर्वी त्याचे वय मनात आणावे.

प्रश्न : अमुक एक शैवाक आमच्या गुहागर तालुक्याच्या यादीत नाही म्हणजे ते येथे नाहीच, असे समजावे काय? आणि सापडले तर तो ‘नवा शोध’ होतो का?
— एक निवृत्त शिक्षक, गुहागर

यादी ही शैवाकांची असते तितकीच शोधणाऱ्यांच्या वाटांचीही असते. ब्रिटनमध्ये १९५८ पासून शैवाकप्रेमींची संस्था आहे; त्यांनी देशाचे दहा किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात काय आढळते ते नोंदवले, म्हणून तेथे शैवाकांवरील बुरशाच चारशेहून अधिक निघाल्या. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने पुण्याहून झाले. १९४६ मध्ये सुरू झालेल्या आणि आता शंकर पुरुषोत्तम आघारकर (हे मूळचे मालवणचे) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखीजा यांनी वरील मोडीसारख्या रेघांच्या कुळासह सह्याद्रीतील शैवाकांवर अनेक वर्षे काम केले, आणि तेथील आजरेकर कवकसंग्रहात नमुने जपलेले आहेत. साहजिकच गाडीरस्त्याने पोहोचता येणारे घाटमाथे यादीत भरभरून दिसतात आणि खाडीकाठच्या वाड्या रिकाम्या दिसतात. तालुक्याच्या यादीत नाव नसणे याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की तेथे कोणी भिंग घेऊन वाकले नाही.

आपण शिक्षक होतात म्हणून एक जाती सुचवतो. खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यातील झाडांवर आणि कातळांवर राखाडी, चपट्या फितींसारखे लोंबणारे रोसेला मॉन्टॅग्नी शोधावे. ब्लीचचा थेंब टाकताच ते लाल होते. शाळेच्या प्रयोगशाळेतील लिटमस याच वंशाच्या शैवाकांपासून काढले जात असे. ते किनाऱ्यापासून आत किती अंतरापर्यंत आढळते आणि कोठे थांबते, एवढे जरी आपण गावोगाव नोंदवले, तरी ते काम मोलाचे ठरेल. ज्या ठिकाणी नीट शोधूनही सापडले नाही, ते ठिकाणही तारखेसह लिहावे.

‘नवा’ या शब्दाला मात्र पायऱ्या आहेत. तालुक्याला नवी, राज्याला नवी, भारताला नवी आणि विज्ञानाला नवी या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर्तमानपत्रे त्यांची सर्रास सरमिसळ करतात. पहिल्या तिन्हींसाठी जपलेला नमुना आणि जाणकाराने केलेली ओळख पुरते. शेवटचीसाठी वर्णन प्रसिद्ध करून एक मूळ नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो, आणि १ जानेवारी २०१३ पासून बुरशीच्या नव्या नावाला मान्यताप्राप्त नोंदणी क्रमांक घ्यावाच लागतो. स्थानिक नोंदी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडील लोकजैवविविधता नोंदवहीतही घालता येतात. २००२ च्या कायद्याने ती सोय केलेली आहे. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलू नये.

प्रश्न : काळ्या मसाल्यासाठी आणलेल्या दगडफुलाच्या पुडीत मला तीन-चार प्रकारच्या पाकळ्या दिसल्या. त्या नोंदीसाठी पाठवू का?
— एक गृहिणी, वेंगुर्ले

आपली नजर उत्तम आहे. बाजारातील दगडफूल एकाच जातीचे क्वचितच असते. मुख्यतः पार्मोट्रेमा असते आणि त्यात त्याच्या नात्यातील इतर शैवाके मिसळलेली असतात. मात्र नोंद म्हणून त्या पुडीचा उपयोग नाही, कारण कोणती पाकळी हिमालयातील कोणत्या उतारावरून आली आणि कोणती दक्षिणेकडील डोंगरांतून, हे दुकानदारालाही सांगता येत नाही, आणि ठिकाणाशिवाय नाव म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट. भिंग वापरण्याचा सराव करण्यासाठी, काळ्या कडा, पांढरी भुकटी आणि कुप्यांचे ठिपके ओळखण्यासाठी मात्र याहून स्वस्त शाळा नाही. सराव झाल्यावर पाकळ्या खुशाल मसाल्यात घालाव्यात. ज्या तुकड्यावर पोटॅश किंवा ब्लीच टाकले, तो तेवढा बाजूला काढावा.