आजार आजचा, पाणी तीन आठवड्यांपूर्वीचं

प्रिय,

जागतिक आरोग्य धोरणात काम करायचं आहे आणि सुरुवात मात्र पुण्यातल्या साथरोग सर्वेक्षणापासून करावी लागते आहे, याची तुला थोडी खंत दिसते. ती सोडून दे. जिनिव्हाला, जागतिक आरोग्य संघटनेकडे पोचणारा आकडा कुठल्यातरी वॉर्डातल्या लाइन लिस्टमधूनच, म्हणजे एका रुग्णाला एक ओळ अशा यादीतूनच निघतो. तिथे तारीख चुकली, तर पुढे ती दुरुस्त करणारं कुणी नसतं. म्हणून आज तारखांबद्दलच लिहितो.

उदाहरण जवळचंच घेऊ. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे, जीबीएसचे (गिलन-बारे सिंड्रोमचे) रुग्ण एकदम वाढले. यात बहुधा एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातापायांतली ताकद जाते. एरवी लाख लोकांत वर्षाला एखाद-दोनच दिसणारा हा आजार. इथे संशयित दोनशेच्या वर गेले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू सापडले, आणि बोट पाण्याकडे गेलं. आता हिशेब मांड. कॅम्पिलोबॅक्टर पोटात गेल्यावर साधारण 2 ते 5 दिवसांत जुलाब होतात. पायातली ताकद जाते ती त्यानंतर 1 ते 3 आठवड्यांनी. मग भरती, निदान, कळवणं. तू बाटली घेऊन विहिरीवर पोचतेस तोवर घात करणारं पाणी केव्हाच संपलेलं असतं, आणि बातमी आल्याबरोबर कुणीतरी विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर ओतलेली असते. नमुना ‘पिण्यायोग्य’ आला म्हणजे ती विहीर सुटली, असं समजू नकोस.

तरी नमुना घ्यायचाच, आणि नीट घ्यायचा. बाटली निर्जंतुक हवी आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं हवं. 120 मिलीच्या बाटलीला 3 टक्के द्रावणाचे 0.1 मिली. ते नसेल तर पाण्यातला क्लोरीन वाटेतच जंतू मारतो आणि प्रयोगशाळा तुला खोटा दिलासा देते. उरलेला क्लोरीन तिथल्या तिथे मोज, ऑफिसात आणून नव्हे. नळाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम मिळायला हवा. बाटली काठोकाठ भरू नकोस, आणि बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचव.

रुग्णाच्या नमुन्यांची घाई त्याहून मोठी. प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) तपासणीसाठी रक्त हवं असेल तर ते आयव्हीआयजी, म्हणजे जीबीएसवर शिरेतून देतात ते इम्युनोग्लोब्युलिन, सुरू होण्याआधी घे. ते औषध हजारो रक्तदात्यांच्या प्रतिपिंडांचं मिश्रण असतं. नंतरच्या रक्तात जे दिसेल ते रुग्णाचं की दात्यांचं, हे सांगता येत नाही. शौचाचा नमुना अँटिबायोटिकच्या आधी मिळाला तर उत्तम, पोचवायला उशीर होणार असेल तर कॅरी-ब्लेअर माध्यमात, म्हणजे वाटेत जंतू जिवंत ठेवणाऱ्या माध्यमात. कॅम्पिलोबॅक्टर 42 अंशांवर, कमी ऑक्सिजनमध्ये वाढतो आणि वाटेत सहज मरतो. त्यामुळे निगेटिव्ह कल्चरवर (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीवर) भिस्त ठेवू नकोस, जंतूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर मागून घे.

मुलाखतीत ‘जुलाब कधी झाले?’ असं विचारलंस तर ‘झाले होते मागे’ एवढंच हाती लागेल. संक्रांतीच्या आधी की नंतर, 31 डिसेंबरला कुठे जेवलात, असं विचार. रुग्णालयात नोंदवलेल्या पत्त्यावर विसंबू नकोस. सातारा-सोलापूरहून आलेला माणूस पुण्यातल्या नातेवाइकांचा पत्ता देतो. आधीचे तीन आठवडे तो कुठलं पाणी पीत होता ते लिही: महापालिकेचं, विहिरीचं, बोअरचं, जारचं, टँकरचं. टँकर म्हटलं की तो कुठे भरला हेही. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत ही सगळी पाणी एकत्र होतात, आणि घरातल्यांना ते ठाऊक नसतं. ते वॉचमनला विचार.

तुलनेसाठी निरोगी माणसं निवडताना हुशार लोकही फसतात. रुग्णाच्या शेजारच्याच घरातली माणसं घेतलीस आणि दोघांचं पाणी एकाच विहिरीचं निघालं, तर विहिरीचा दोष हिशेबात दिसणारच नाही. तुलनेचा गट वेगळा पाणीपुरवठा असलेल्या वस्त्यांपर्यंत पसरलेला हवा.

रुग्णसंख्येचा आलेख लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेवर काढ, कळवल्याच्या नव्हे. शेवटच्या आठवड्यात तो नेहमीच खाली झुकतो, कारण त्या दिवसांचे रुग्ण अजून कळवले गेलेलेच नसतात. पत्रकार परिषदेत त्यालाच ‘साथ ओसरली’ म्हणतात. तेवढा भाग तुटक रेषेने दाखव.

आता जिनिव्हा. 2005 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत चार प्रश्न आहेत: परिणाम गंभीर आहे का, घटना अनपेक्षित आहे का, देशाबाहेर पसरण्याचा मोठा धोका आहे का, प्रवास-व्यापारावर बंधनं येण्याचा मोठा धोका आहे का. दोनांची उत्तरं ‘हो’ आली तर मूल्यमापनानंतर 24 तासांत देशाने जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं. ‘अनपेक्षित’ ठरवायला नेहमीचा आकडा हातात लागतो. म्हणून साथ नसतानाही वर्षभर मोठ्या रुग्णालयांच्या मेंदूविकार विभागांतून जीबीएसची महिन्याची नोंद गोळा करत राहा. कंटाळवाणं काम आहे, आणि त्याला निधी मिळवणं हीच खरी धोरणाची लढाई.

पहिली लाइन लिस्ट झाली की मला पाठव. नावं आणि फोन नंबर काढून.

तुझा,
सर