चिनी नावातलं 'यू' म्हणजे योग का?

प्रश्न असा आला आहे: ऑफिसातल्या एका चिनी सहकारी बाईंच्या नावात 'यू' आहे. योगवर्गाच्या चिनी पाटीवर 'यूज्या', म्हणजे योग, या शब्दातलं पहिलं अक्षरही हुबेहूब तेच. मग बाईंच्या नावाचा अर्थ 'योग' होतो का?

नाही. योगाशी या अक्षराचं नातं आवाजापुरतं आहे. संस्कृत 'योग' चिनीत लिहायला उच्चार जुळणारी दोन अक्षरं घेतली गेली. चिनी बौद्ध भिक्षू युआन श्वांगने (म्हणजे ह्युएन त्संगने) ६४८ साली पुऱ्या केलेल्या 'योगाचारभूमी' या बौद्ध ग्रंथाच्या भाषांतराच्या नावातही तीच आहेत.

नावातला अर्थ त्याहून खूप जुना. अक्षराच्या डाव्या अंगाला जेड या मौल्यवान दगडाची खूण असते. ती तिथे बसवताना अशी लिहितात की हटकून 'राजा' वाटावी, तेव्हा फसू नका. उजवं अंग उच्चार सांगतं. अर्थ दोन: उत्तम जेड आणि जेडची झळाळी. मोत्याचं किंवा हिऱ्याचं 'पाणी' म्हणतो ना आपण, तेच हे.

'लीजी' या प्राचीन ग्रंथात एक शिष्य कन्फ्यूशिअसला विचारतो, जेडला एवढा मान कशाला, दुर्मीळ म्हणून? कन्फ्यूशिअस म्हणतो, छे! आणि जेडमध्ये सज्जनाचे गुण एकेक करून दाखवू लागतो. त्यातला एक असा: डाग पाण्याला झाकत नाही आणि पाणीही डागाला झाकत नाही. हा त्याचा सच्चेपणा. आजच्या चिनी म्हणीत यातला पहिला अर्धाच उरलाय, 'एवढ्या तेवढ्या डागाने काय बिघडतं' अशा अर्थाने. दुसरा अर्धा सोयीस्करपणे गळला, असं आपलं मला वाटतं.

हे अक्षर पूर्वी पुरुषांच्या नावांतही चाले. २०८ साली छ-पीची लढाई जिंकणारा सेनापती चौ यू हाच 'यू'वाला. त्याचं प्रौढपणीचं नाव 'कुंगचिन', आणि 'चिन' म्हणजेही उत्तम जेड. गंमत पुढेच आहे. त्याच दरबारातल्या चूग चिनचं प्रौढपणीचं नाव होतं 'त्स-यू'. एकाचं नाव दुसऱ्याच्या नावात उलटं बसलेलं!

तुम्ही अक्षर डोळ्यांनी पाहिलंत हे बरं झालं. नुसतं ऐकलं असतंत तर पंचाईत होती. त्याच चढत्या सुरात मासाही 'यू' आणि मूर्खही 'यू'.