वाचनालयात कॉम्प्युटर लावून राहिला ना? हे वाच मंग

भाऊ, मशीन आलं म्हणून लगेच भरायला बसू नको, आधी दाखल नोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक नंबर टाकून लिहितो ते रजिस्टर) अन् कपाट ताडून पाह्य, जे पुस्तक जागेवरच नाही ते कॉम्प्युटरात टाकून काय फायदा. वाचनालयाचं सॉफ्टवेअर कोहा घे, फुकट हाये, २००० पासून चालू हाये, पण ते विंडोजवर नाही, लिनक्स नावाच्या सिस्टिमवर बसते तं बसवून देणारा पोरगा आधी पाहून ठेव. अन् टायपिंग युनिकोडमध्येच (मोबाईलवर मराठी लिहितो ना, तेच) करजो बरं! छपाईवाले वापरत ते जुन्या डीटीपी फॉन्टात भरलं तं सर्चमध्ये नाव टाकलं तरी काहीच सापडत नाही, मंग बसा पुन्हा सगळं टाईप करत. लेखकाचं आडनाव आधी, सगळीकडे सारखंच. बारकोडचं मागून पाहू. यूपीएस मात्र पायजेच, उन्हाळ्यात आपल्याकडे लाईन कधी जाईन नेम नाही. बॅकअप रोज पेनड्राईव्हवर घे, अन् तो तिथंच ड्रॉवरात टाकू नको, घरी ने.